ही बाजू वर

मी छपरावरचा कोंबडा. आरवता येत नाही, म्हणून बोलतोय.

हवामान केंद्राच्या गच्चीवर एक लोखंडी दांडा आहे. त्याच्या टोकाला एका पायावर उभा असलेला पत्र्याचा कोंबडा, तो मी. वारा जिकडून येतो तिकडे चोच करायची, एवढंच माझं काम. पुस्तकांत मला वातकुक्कुट म्हणतात. पण 'जरा वातकुक्कुटाला विचारून ये' असं म्हणेपर्यंत वारा बदलतो, म्हणून गावात सगळे नुसतं 'कोंबड्याला विचार' म्हणतात.

एकोणीस वर्षं गावानं मला विचारलं. त्यामुळे माझ्या डोक्यात हवा गेली. माझं डोकं एका पत्र्याइतकंच जाड आहे, तरी तिला तिथे जागा मिळाली. त्याचीच ही गोष्ट. माझी मान वाकडी कशी झाली, तेही तिच्यात येईल. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, ती वादळात वाकली. मीही आजवर गप्प बसून तसं वाटू दिलं. ते खोटं आहे.

माझा जन्म खालच्या गल्लीत झाला. बंदराच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. बादल्या, नरसाळी, पेट्या, पन्हळी, सगळं तिथे बनतं. दुकानदाराला गाव पत्रेबाबा म्हणतं. केंद्रात वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण होता, तो मोडला. नवा बाण करायचं काम पत्रेबाबांकडे आलं. त्यांची सात वर्षांची मुलगी शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "बाण नको बाबा, कोंबडा करा."

तिनेच पत्र्यावर खडूने माझं चित्र काढलं. तुरा काढला, शेपूट काढली, एक पाय काढला आणि तेवढ्यात तिला आईने जेवायला हाक मारली. ती परत येईपर्यंत बाबांनी मला कापून टाकलं होतं. म्हणून मी एका पायावर आहे. बाबा मात्र सगळ्यांना सांगतात, "एकच पाय हवा. दुसरा लावला तर तोल बिघडतो. हे शास्त्र आहे."

ज्या पत्र्यातून मला कापलं, तो कुठल्या तरी यंत्राच्या खोक्याचा होता. बाबांनी मला तांबडा रंग दिला, पण दोन वर्षांत तो उडाला आणि पोटावरची जुनी अक्षरं पुन्हा दिसायला लागली. मला स्वतःचं पोट दिसत नाही. ताई, म्हणजे तीच मुलगी, तेल द्यायला आलेल्या बाबांबरोबर गच्चीवर आली होती. तिने बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, "ही... बाजू... वर." शेजारी वर जाणारा बाणही होता म्हणे.

मला काय, निमित्तच हवं होतं. मी ठरवून टाकलं की माझा जन्म उंचावर राहण्यासाठीच झालाय.

लोक माझ्याकडे बघून काय काय ठरवायचे. शिंपीणकाकू, म्हणजे पत्रेबाबांच्या शेजारीण, माझ्याकडे बघून कपडे वाळत घालायच्या. होड्या माझ्याकडे बघून सुटायच्या. एका पोस्टमनने तर 'चोच बंदराकडे झाली तर लग्नाला हो म्हणायचं' असं ठरवलं होतं. चोच बंदराकडे झाली. आता तो माझ्या खालून जाताना मान वर करत नाही.

हळूहळू मला वाटायला लागलं की वारा माझ्या चोचीकडे बघून वाहतो. मोठ्या पदावरच्या माणसांचंही असंच होत असावं.

एकच गोष्ट मला खुपायची. फुगे.

रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असा मोठा पांढरा फुगा केंद्राच्या गच्चीवरून आकाशात सोडतात. त्याला एक छोटी छत्री आणि एक डबी बांधलेली असते. फुगा वर वर जातो, आणि कुठल्या उंचीवर वारा कोणत्या दिशेनं वाहतोय ते त्या डबीवरून खाली कळतं. दोन तासांत फुगा फुटतो. दोन तासांचं आयुष्य आणि तोरा केवढा. मी तेरा-चौदा हजार फुगे पाहिले असतील, पण एकाला रीत नाही. माझ्या अंगाला घासून जाताना प्रत्येक जण एवढंच म्हणतो, "काका, सरका."

ताई मोठी झाली, शिकली आणि याच केंद्रात नोकरीला लागली. मला वाटलं, आपली ताई आली, आता फुगे बंद. तर पहिल्याच दिवशी सकाळचा फुगा तिनेच सोडला. वर माझ्याकडे बघून म्हणाली, "कोंबड्या, रागावू नको. तुला तीन मजल्यांवरचं कळतं. मला त्याच्या वरचं हवंय."

मी चार दिवस तिच्याकडे शेपूट करून उभा होतो. अर्थात वाराही तसाच होता.

गेल्या वर्षी समुद्रात वादळ उठलं. ताईनं खालची गल्ली रिकामी करायला लावली. चौतीस घरं टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसली. आणि वादळ आलंच नाही. अर्ध्या वाटेत वळलं आणि भलतीकडे निघून गेलं.

गल्ली चिडली. शाळेच्या बाकांवर एक रात्र काढलेला माणूस फार चिडतो. सगळ्यांनी ताईला घेरलं. तेव्हा तिने समजावून सांगितलं.

"लग्नाच्या हॉलमध्ये मधोमध खुर्ची टाकून एक जाडजूड काका बसलेत असं समजा. ते हलत नाहीत. सगळ्यांना त्यांच्या कडेकडेनं वळसा घालून जावं लागतं. आकाशात जास्त दाबाचा मोठा प्रदेश असतो, तो म्हणजे हे काका. त्यांच्या कडेनं वारा वाहतो आणि त्या वाऱ्यावर वादळ वाहत जातं. या वेळी काका मध्येच उठले. वाट मोकळी झाली आणि वादळ तिकडून सटकलं."

"म्हणजे चूक काकांची," शिंपीणकाकू म्हणाल्या.

"चूक माझी. ते उठतील हे मला एक दिवस आधी दिसायला हवं होतं."

गल्लीने तिची कबुली ऐकली नाही. काका तेवढे लक्षात ठेवले. वर्षभर ताई बाजारात दिसली की कोणीतरी विचारायचं, "काय, काका बसलेत ना?" ती हसायची. पण गच्चीवर आली की माझ्या दांड्याला टेकून समुद्राकडे बघत राहायची.

या वर्षी पुन्हा वादळ उठलं.

त्या दिवशी महिन्याची पहिली तारीख होती. पहिल्या तारखेला पत्रेबाबा मला तेल द्यायला येतात. ताई सकाळचा फुगा सोडून खाली आकडे बघायला गेली होती, ती कागद घेऊन धावत वर आली.

"बाबा, आज चारपर्यंत घर सोडायचं. सगळ्या गल्लीनं. पहाटे वादळ येतंय."

बाबा माझ्या मानेत तेलाचे थेंब सोडत होते. "कुठे येतंय?"

"इथे."

"गेल्या वर्षीही इथेच येत होतं."

"या वेळी ते वळणार नाही."

"का? काका मांडी घालून बसलेत?"

"हो," ताई म्हणाली. "अगदी मांडी घालून. किनाऱ्यावरच्या सगळ्या हवामान केंद्रांच्या फुग्यांचे आकडे बघितले मी. कुठेही फट नाही."

बाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती फुगली. "फुगे राहू देत. हा काय सांगतोय बघ. तोंड टेकडीकडे, शेपूट समुद्राकडे. म्हणजे वारा टेकडीवरून समुद्राकडे चाललाय. बरोबर?"

"बरोबर."

"मग वादळ समुद्रावरून इकडे येणार ते वाऱ्याच्या उलटं चालत? त्याला काय पाय आहेत?"

"पाय नाहीत, तेच तर सांगतेय. नाल्याच्या पाण्यात भोवरा फिरतो, बघितलाय ना? गरगर फिरतो स्वतःभोवती, पण जातो कुठे? पाणी नेईल तिकडे. वादळाचंही तसंच. स्वतः कितीही जोरात फिरलं तरी कुठे जायचं ते बहुतेक आजूबाजूचा वारा ठरवतो."

"मग इथलं पाणी समुद्राकडे चाललंय."

"इथलं म्हणजे तीन मजल्यांवरचं. वादळ दहा-बारा किलोमीटर उंच आहे, बाबा. पायाशी काय चाललंय त्यावर ते जात नाही. त्याच्या कमरेला, छातीला, चहूबाजूंनी लांबवरचा जो वारा लागतो, तो त्याला नेतो. आणि तो वारा इकडे येतोय."

"आत्ता तर म्हणालीस पाय नाहीत."

"बाबा."

"बरं. मग कोंबड्याला लागतोय तो वारा कुणाचा?"

"वादळाचाच. ते हवा आत ओढतंय. तुम्ही बशीतला चहा ओढता तेव्हा चहा तुमच्याकडे येतो. म्हणून तुम्ही मागे ढकलले जाता का?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चहा गरम असेल तर जातो."

ते बुधली उचलून निघाले. जिन्याशी थांबून म्हणाले, "पोरी, एकोणीस वर्षांत हा कोंबडा एकदाही खोटं बोलला नाही. मी घडवलाय त्याला. तुझे फुगे रोज फुटतात."

 ताईनं कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. ती कशाला घाबरली होती ते मला माहीत होतं. गल्लीचा नियमच आहे की पत्रेबाबा हलल्याशिवाय कोणी हलत नाही. शिंपीणकाकू तर उघड म्हणायच्या, "पत्रेबाबांनी कुलूप लावलं की मी लावते." बाबा राहिले तर चौतीस घरं राहणार. आणि बंदराच्या भिंतीपासून ती घरं चाळीस पावलांवर.

दुपारी वादळ जवळ आल्यामुळे एक जादा फुगा सोडला. तो जाताना नेहमीचं म्हणाला, "काका, सरका." मी म्हणालो, "सरकतो, पण वर गेलास की एक सांग. वारा खरंच उलटा आहे का?"

तो ढगांत शिरला. बऱ्याच वेळाने बारीक आवाज आला. "काका, इथे सगळंच इकडे ढकललं जातंय. तुम्ही तिकडे काय दाखवताय?"

मला माझ्या एकाच पायाखालचा दांडा सुटल्यासारखं झालं. मी वळायचा प्रयत्न केला. जीव तोडून केला. पण माझा वारा मला टेकडीकडेच तोंड करायला लावत होता. मी खोटं बोलत नव्हतो हो. मी माझ्या उंचीपुरतं खरं बोलत होतो. आणि तेवढ्या खऱ्याच्या भरवशावर माझा बाप खाली दुकानात बसून निवांत बादलीला कडीचे कान बसवत होता.

चार वाजता ताई पाना घेऊन वर आली. मागून केंद्राचे साहेब आले. साहेब सहा महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि रोज तसे वागत होते.

"सूचना दिली ना आपण? लाउडस्पीकर फिरला. आता ज्याची त्याची मर्जी," साहेब म्हणाले.

"मर्जी नाही साहेब, माझे बाबा आहेत."

"मग पाना कशाला?"

"कोंबडा काढतेय."

"अगं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही. कोंबडा काढलास म्हणून वादळ थांबणार आहे?"

"वादळ नाही थांबणार. बाबा हलतील."

साहेबांनी थोडा वेळ पावसाच्या भुरभुरीत टक्कल भिजू दिलं. "सरकारी वस्तू आहे. लिहून द्यावं लागेल."

"लिहा, दुरुस्तीसाठी नेला."

"कोणाच्या दुरुस्तीसाठी ते लिहीत नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनीच दांडा धरला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी जमिनीवर उतरलो. तोही ताईच्या काखेत, शेपूट पुढे आणि तोंड मागे. असा रस्त्यातून जाताना मला जग उलटं जाताना दिसत होतं, आणि जगाला माझं पोट.

दुकानासमोर उभी राहून ताई म्हणाली, "बाबा, कोंबडा घेऊन चालले. शाळेत."

बाबांनी मान वर केली नाही. "ने. पावसानं भुरभुर धरलीच आहे. गंजला की मलाच घासावा लागतो."

ताई थांबली. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "शाळेला लागून तो वेल्डर आहे ना, त्याच्याकडून याला दुसरा पाय लावून घेते."

हातोडी थांबली.

"काय लावून?"

"दुसरा पाय. तो म्हणतो, एका पायाचा कोंबडा म्हणजे अर्धवट काम."

"वेल्डर?" बाबा उभे राहिले. "वेल्डर या पत्र्याला हात लावणार? भोकं पडतील त्याला. चाळणी होईल. आण इकडे."

ताई पळाली.

आयुष्यात मी पुष्कळ वारे पाहिले, पण त्या दिवशी ताई ज्या वेगानं टेकडी चढली तसा वारा पाहिला नाही. मागे बाबा, हातात अर्धी बादली. "थांब म्हणतो ना. तोल बिघडेल त्याचा. शास्त्र आहे ते." शिंपीणकाकूंनी दारातून पाहिलं, पत्रेबाबा निघाले. त्यांनी शिवणयंत्राचं डोकं उचलून पोटाशी धरलं, कुलूप लावलं आणि त्याही निघाल्या. त्यांच्यामागे समोरचे चांभारकाका, त्यांच्यामागे त्यांची सासू, तिच्यामागे सासूला आवरायला तिघे. कोणी गाठोडं घेतलं, कोणी नुसती छत्री. निम्म्यांना वाटलं घर सोडायचंय, निम्म्यांना वाटलं भांडण बघायचंय. चौतीस घरं टेकडी चढली.

मी काखेतून मागे बघत होतो आणि मला सकाळचा भोवरा आठवत होता. यातलं कोणी स्वतःहून चाललं नव्हतं. गल्ली बाबांमागे वाहत होती, बाबा माझ्यामागे आणि मी ताईच्या काखेत.

शाळेच्या फाटकात बाबांनी मला गाठलं. त्यांनी माझी शेपूट धरली. ताईनं मान धरली. त्यांनी ओढलं, तिने ओढलं. कर्र असा आवाज झाला.

माझी मान वाकली ती तिथे, शाळेच्या फाटकात, बापलेकीच्या ओढाताणीत. वादळ तेव्हा अजून दीडशे किलोमीटरवर होतं.

 बाबांनी माझ्या मानेवरून अंगठा फिरवला. "सरळ करतो," ते म्हणाले. "दोन ठोक्यांचं काम आहे." त्यांनी कमरेला हात लावला. "हातोडी दुकानात राहिली."

आणि ते वळले. परत खाली निघाले. चार पावलं गेलेसुद्धा. शिंपीणकाकूंनी यंत्राचं डोकं या हातातून त्या हातात घेतलं आणि त्याही वळायच्या बेतात आल्या.

ताई त्यांच्या आडवी गेली. एवढी शिकलेली पोर, सकाळपासून बोलून बोलून घसा बसलेला. आता तिने काहीच समजावलं नाही. मला पोटाकडून वळवलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"वाचा," ती म्हणाली.

बाबांना चष्म्याशिवाय नीट दिसत नाही. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. अगदी तिने नवव्या वर्षी वाचलं होतं तसं. "ही... बाजू... वर."

बाण टेकडीकडे होता. बाबांनी खाली बघितलं. बंदराच्या भिंतीवरून पहिलं पाणी गल्लीत उतरत होतं. फार नव्हतं, घोटाभर असेल. पण ते त्यांच्या दुकानाच्या दिशेनं, कोणाला न विचारता, आरामात चाललं होतं.

"हातोडी उद्या आणू," बाबा म्हणाले.

ती रात्र मी शाळेत फळ्याला टेकून काढली. पहाटे वादळ आलं. ताईनं सांगितलं होतं तिथेच. मी बाहेर नसल्यामुळे वारा कुठून आला ते कोणालाच कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. चांभारकाकांची सासू तेवढी म्हणाली, "बाकं गेल्या वर्षीचीच आहेत."

उजाडल्यावर बघितलं तर गल्लीत पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत होतं. चौतीस घरांत पाणी होतं. माणूस एकाही घरात नव्हता. ताई खिडकीशी उभी राहून मोजत होती. डोकी मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून. बाबा तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "काका उठले नाहीत म्हणजे."

"नाही उठले."

"जाड असणार."

मग ती रडली. हसताहसता रडली, त्यामुळे नक्की कशाला रडली ते आम्हाला कळलं नाही.

हातोडी तीन आठवड्यांनी सापडली. शिंपीणकाकूंच्या माळ्यावर. ती तिथे पोहत कशी गेली याबद्दल गल्लीत अजून दोन पक्ष आहेत.

आता मी परत गच्चीवर आहे. बाबा हातोडी घेऊन मान सरळ करायला आले होते, पण ताईनं अडवलं. माझी चोच आता थोडी आकाशाकडे झाली आहे. वारा कुठला ते मी अजूनही बरोबर दाखवतो, पण ज्याला बघायचंय त्याची नजर चोचीवरून घसरून आपोआप वर जाते, जिथे फुगा असतो. आजकाल तो निघताना मी आधीच सरकतो. तो म्हणतो, "अरे, काका." मी म्हणतो, "जा बाळा, नीट बघ."

परवा पुन्हा सूचना लागली. ताई पायऱ्या उतरून गल्लीत पोहोचायच्या आत दुकानाला कुलूप होतं. पत्रेबाबा हातोडी कमरेला खोचून टेकडी चढत होते आणि मागे वळून सगळ्यांना सांगत होते, "वादळाला पाय नसतात. आपल्याला आहेत. चला."

तुमच्याही छपरावर माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याच्याकडे जरूर बघा, तो खोटं बोलणार नाही. पण त्याला त्याच्या उंचीपुरतंच दिसतं. त्याच्याहून उंचावरचं बघणारी एखादी मुलगी धापा टाकत दारात आली आणि 'निघा' म्हणाली, तर निघा. आधी एकदा चुकली होती म्हणून तिची थट्टा करत बसू नका. तुमचा कोंबडा काखेत मारून पळायची वेळ तिच्यावर आणू नका.

मान एकच असते हो.